बाइकचा एअर फिल्टर: कागदी, फोम की कॉटन, आणि घरी बदलायचा की गॅरेजमध्ये?

रोज ऑफिसला, शेतावर, मुलांना शाळेत सोडायला वापरायची बाइक असेल, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, पल्सर असलं काहीही, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: कंपनीचा ओरिजिनल कागदी फिल्टर घ्या आणि घरीच बदला. फोम आणि कॉटन हे बाकीचे दोन पर्याय वाईट नाहीत, पण ते नेमके कुणाच्या कामाचे आहेत हे बघून मग पैसे घाला.

इंजिनात जाणारी हवा गाळणं हे फिल्टरचं काम, तर आधी यातून किती हवा जाते ते बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, म्हणजे लिटरमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा झाली, आणि दहा लिटरची टाकी संपेपर्यंत नव्वद हजार. आता ही हवा येते कुठून, तर पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागून, खडी क्रशरच्या रस्त्यावरून, सहापदरीकरण चालू असलेल्या हायवेवरून. त्या धुळीतली वाळू सिलेंडरच्या धातूपेक्षा कडक असते, ती आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, झिजवते, मग गाडी ऑइल खायला लागते, धूर येतो आणि शेवटी इंजिन खोलावं लागतं. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूपायी हे होऊ देऊ नका, एवढं कळकळीने सांगतोय ते यासाठीच.

कागदी फिल्टरमध्येही दोन प्रकार असतात आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. एक कोरडा, तो हलका आपटून झटकता येतो, कमी प्रेशरने आतल्या बाजूने बाहेर हवा मारता येते. दुसरा तेलकट, हाताला किंचित चिकट लागतो. होंडा, हिरोच्या बऱ्याच गाड्यांना हाच येतो. याला हवा मारायची नाही, धुवायचा नाही, मुदत झाली की सरळ बदलायचा, मॅन्युअलमध्येही तसंच लिहिलेलं असतं. पण बऱ्याच गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गाडी लावली की आधी फिल्टर काढून कॉम्प्रेसरचा पाइप लावतात आणि फुल प्रेशरने हवा मारतात, मग तो कुठला का असेना. त्याने तेलाचा थर विस्कटतो, काही वेळा घडीच्या कडेला कागद फाटतो. एकदा हातात घेऊन उन्हाकडे धरून बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं पडलेली दिसली तर तो फिल्टर साफ नाही, निकामी झालाय.

बदलायची मुदत बऱ्याच गाड्यांना १२ ते १६ हजार किलोमीटरच्या आसपास दिलेली असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, आणि धुळीच्या भागात त्याच्या बरंच आधी बदला.

फोमचा फिल्टर जुन्या गाड्यांत असायचा, चिखल-धुळीतून पळणाऱ्या ऑफरोड बाइक्सना अजूनही तोच असतो. धूळ भरपूर धरतो, धुऊन परत वापरता येतो, पण काम मागतो. रॉकेलमध्ये किंवा फोम क्लीनरमध्ये बुडवून हलक्या हाताने दाबायचा, पिळायचा नाही, पिळला की फाटतो. पेट्रोल तर अजिबात नको, आगीचा धोका आहेच आणि जोडाचा डिंकही सुटतो. मग पूर्ण वाळवायचा, तेल सगळीकडे सारखं लावायचं, जास्तीचं दाबून काढायचं. तेलाशिवाय कोरडाच बसवला तर बारीक धूळ आरपार जाते, म्हणजे एवढी मेहनत वाया. शिवाय फोम जुना झाला की चुरा होतो आणि तो चुरा इंजिनात ओढला जातो. महिन्या-दोन महिन्यांनी हे सगळं आवडीने करणारा माणूस असाल तरच याच्या नादी लागा.

कॉटनवाला म्हणजे के अँड एन आणि त्यासारखे. के अँड एन ही १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी, रेसिंगवाल्यांत नाव मोठं आहे आणि फिल्टर टिकतोही वर्षानुवर्षं. पण आपल्याकडे तो चार-पाच हजाराच्या घरात पडतो, वर धुण्याचं आणि तेलाचं किट वेगळं. आता हिशोब करा: ५,००० रुपयांत ३०० रुपयांचे सोळा कागदी फिल्टर येतात, एक फिल्टर १२,००० किमी चालला तरी जवळपास १,९२,००० किमी झाले, तेवढ्यात बहुतेकांची गाडी विकून होते. पिकअप वाढतो म्हणतात, पण सव्वाशे-दीडशे सीसीच्या स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच, गाडीत सायलेन्सर तोच, पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनची सेटिंग तीच, मग नुसता फिल्टर बदलून हाताला जाणवेल एवढा फरक पडणार कुठून? आणि जास्त हवा सोडणारी जाळी बारीक धूळही थोडी जास्त सोडते. एक्झॉस्ट, ट्यूनिंग सगळंच करून घेणार असाल तर कॉटन जरूर घ्या.

अॅव्हरेजचं काय, हे सगळेच विचारतात. कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल यंत्रानेच मिसळणारी, सेन्सर नसलेली) जुनी गाडी असेल तर फिल्टर चोंदला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, प्लग काळा पडतो, अॅव्हरेज खरंच पडतं, तिथे नवीन फिल्टरने फरक दिसतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांत मात्र धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, मिळून हवा कमी झाली की पेट्रोलही कमी करतात. त्यामुळे अॅव्हरेज ठीक येतंय म्हणजे फिल्टर चांगला आहे असं धरू नका, आधी पिकअप मरतो, घाटात गाडी दमते.

आता घरी की गॅरेजमध्ये. पैशाचा फरक फार नाही, खरा फरक हाताच्या काळजीचा आहे. गॅरेजवाल्याच्या रांगेत दहा गाड्या असतात, तो जुना काढून नवा कोंबतो. घरी तुम्ही आधी साइड पॅनल पुसून घेता, म्हणजे वरची माती आत पडत नाही, जुना फिल्टर कुठली बाजू आत होती त्याचा मोबाइलवर फोटो काढता, इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून फिल्टरचा बॉक्स ओल्या कपड्याने पुसता (फडकं काढायला मात्र विसरू नका) आणि मुख्य म्हणजे कडेचं रबर सगळीकडून खाचेत बसलंय का हे बोट फिरवून बघता. ते एका जागी जरी दुमडलं असेल तरी हवा तिथूनच न गाळता आत जाते, मग फिल्टर कितीही भारी असो. कव्हरचे स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे घट्ट करा, प्लास्टिकचे आटे लगेच जातात. सामान म्हणाल तर बहुतेक गाड्यांना स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि एखादा पाना पुरतो, पहिल्यांदा अर्धा तास धरा.

टाकी उचलल्याशिवाय फिल्टर दिसतच नाही अशी गाडी असेल, किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर सर्व्हिस सेंटरलाच करा, फक्त समोर उभं राहून करून घ्या आणि जुना फिल्टर मागून घ्या. कोकणात किंवा पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली असेल तर मुदतीची वाट न बघता बॉक्स उघडा, खाली लोंबणाऱ्या छोट्या नळीचं बूच काढून साचलेलं पाणी-तेल सोडा, आणि कागद भिजलेला असेल तर वाळवत बसू नका, नवा टाका.