अंगण आणि बाग: एका दमात करून घ्यायची की दरवर्षी थोडी थोडी?

घरात राहायला गेलं की पहिले काही महिने सगळं लक्ष आतच असतं, मग एक दिवस कुणीतरी खिडकीतून बाहेर बघतं आणि म्हणतं की या अंगणाचं आता काहीतरी करायला पाहिजे. तिथून घरात दोन पार्ट्या पडतात. आमच्याकडेही पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, कॉन्ट्रॅक्टर बोलवा, महिना दोन महिने धूळ खा आणि मोकळे व्हा. दुसरीचं म्हणणं, आपलं आपण करू, दरवर्षी एक कोपरा. मी दुसऱ्या पार्टीत होतो आणि सात वर्षांनंतर सांगतो, मी निम्मा बरोबर होतो आणि निम्मा साफ चुकलो, आणि कुठला निम्मा ते जर आधी कळलं असतं तर एकच जागा तीन वेळा खणायची वेळ आली नसती.

झालं असं की आम्ही सुरुवात केली ती दिसणाऱ्या गोष्टींपासून. पहिल्या वर्षी फुलझाडं, दुसऱ्या वर्षी मागच्या दारापासून पेव्हरची वाट, मस्त झाली, फोटो वगैरे काढले. चौथ्या वर्षी मागे नळ हवा म्हणून पाइप टाकायला वाट उचकटली. पाचव्या वर्षी लक्षात आलं की जोराचा पाऊस झाला की पाणी घराच्या भिंतीकडेच येतंय, मग उतार बदलायला परत तीच वाट उचकटली. आता याला हळूहळू बाग फुलवणं म्हणायचं का काय म्हणायचं.

याच्या उलट ओळखीच्या एका घरी सगळं एकदम करून घेतलं. काम संपलं त्या दिवशी बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू, मला जळायला झालं. पण आराखडा काढला होता एका ऋतूत, तेव्हा ऊन जिथे पडत होतं तिथे सहा महिन्यांनी पडेना, त्यामुळे उन्हाची झाडं सावलीत आणि सावलीची उन्हात. शिवाय पहिल्या दिवसापासून भरगच्च दिसावं म्हणून झाडं इतकी जवळ लावलेली की तिसऱ्या वर्षी एकेक काढून टाकायला लागली. बसायचा कट्टा जिथे केला तिथे संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यावर, तिथे कुणी बसतच नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की हा प्रश्न अख्ख्या बागेचा विचारायचाच नाही, कामाकामाचा विचारायचा. जे जमिनीखाली जाणार, ज्याला मशीन लागणार, ते एकदम. जे जिवंत आहे ते हळूहळू.

आधी खालचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. घराच्या भिंतीपासून पहिल्या 3 मीटरमध्ये जमीन साधारण 15 सेंटिमीटर खाली उतरत गेली पाहिजे, फरशी किंवा पेव्हर असेल तर मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर पुरतात. हे टप्प्याटप्प्याने करताच येत नाही, कारण एका कोपऱ्याचा उतार काढला की पाणी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं. दुसरं म्हणजे मशीन. मोठं मशीन आत यायला जागा लागते आणि ती जागा तुम्ही एकदा झाडं लावून आणि कुंपण घालून बंद केली की पुढचं सगळं फावड्याने. आणि मशीन दर वेळी आलं की माती दाबली जाते, त्यातून ओली असेल तर फारच. पहिल्या दोनचार फेऱ्यांतच जास्तीत जास्त दाबून होते आणि मग मुळ्यांना ना हवा मिळत ना पाणी. ती परत भुसभुशीत व्हायला वर्षं जातात. त्यामुळे एकदाच येऊ दे, जमीन कोरडी असताना येऊ दे, आणि वरची काळपट माती आधी बाजूला ढीग करून ठेवा, नाहीतर खालचा मुरूम वर आणि चांगली माती खाली अशी उलथापालथ होते आणि नंतर कितीही खत घाला, रोपं रुसलेलीच.

याच वेळी वाटेखालून एक दोन रिकामे जाड पाइप आडवे टाकून ठेवायचे, तोंडं बंद करून. आत्ता त्यात काहीच नाही, पण उद्या दिव्याची वायर न्यायची असेल किंवा ठिबकची नळी, तर वाट फोडायला नको. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हार घातला असता. आणि टाकलेल्या प्रत्येक पाइपचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, भिंतीपासून किती लांब आणि किती खोल ते दिसेल असा.

झाडांचं मात्र अगदी उलटं. एकदम करून घेणारे लोक बहुतेक मोठं झाड आणून लावतात, हळूहळूवाले लहान रोप. वरवर मोठं झाड म्हणजे पाच वर्षं वाचली असं वाटतं. पण जमिनीतून उकरून आणलेल्या मोठ्या झाडाच्या बहुतेक मुळ्या तिथेच राहिलेल्या असतात, त्यामुळे नव्या जागी ते आधी मुळ्या करण्यात वेळ घालवतं, वर काही वाढत नाही. ढोबळ हिशोब असा की खोडाच्या दर 2.5 सेंटिमीटर जाडीला बस्तान बसायला एक वर्ष, थंड हवेत त्याहून जास्त. म्हणजे 10 सेंटिमीटर जाडीचं झाड आणलं तर चारेक वर्षं ते नुसतं उभं, आणि तेवढ्या काळात त्याला पाणी पण जपून घालत राहायचं. लहान रोप पहिल्या दुसऱ्या वर्षातच पळायला लागतं आणि कित्येकदा मोठ्याला गाठतं. सावली आत्ताच्या आत्ता हवी असेल, घरात म्हातारी माणसं आहेत, दहा वर्षं थांबायचं नाही, तर मोठं एखादं घ्या, मी नाही म्हणणार नाही, पण एखादंच.

लहान असो मोठं असो, खड्डा रुंद करा, मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट तिप्पट, पण खोली गोळ्याएवढीच. खोड जिथे पसरून मुळ्या सुरू होतात तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे, खोल पुरलेलं झाड लगेच मरत नाही, सातआठ वर्षांनी कुरकुरायला लागतं आणि तोपर्यंत कारण कुणाच्या लक्षात नसतं. कुंडीतलं रोप असेल तर गोल गोल फिरलेल्या मुळ्या कापून सोडवायच्या. आणि जागा ठरवताना आजचं रोप बघू नका, पूर्ण वाढल्यावरचा घेर बघा. मुळ्या फांद्यांच्या घेराच्याही पुढे जातात, पण खोल फार जात नाहीत, बहुतेक वरच्या 60 सेंटिमीटरातच असतात, म्हणून झाडाजवळ फरशी घातली की काही वर्षांनी ती उचलली जाते.

म्हणजे झाडं लहान लावायची, पण लावायची लवकर. हळूहळू करणारे (मीच) इथे चुकतात, झाडं शेवटी ठेवतात कारण आधी वाफे, वाट, कट्टा हे सगळं व्हायचं असतं. ज्याला वेळ सगळ्यात जास्त लागतो तेच शेवटी. कुंपणाचंही हेच. भिंत किंवा पत्रा एका आठवड्यात उभा राहतो पण वारा त्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो, उलट झुडपांची वई अर्धा वारा गाळून सोडते आणि आपल्या उंचीच्या दहा पटीपर्यंत वारा शांत करते. पण तिला वाढायला तीन ते पाच वर्षं पाहिजेत. आम्ही जाळी आणि वई दोन्ही एकत्र लावली, आता जाळी दिसतही नाही. एक सांगतो, आडोशाला बांबू लावायचा असेल तर झुंडीत वाढणारा घ्या, जमिनीखालून पळणारा घेतलात तर तो शेजाऱ्याकडे आधी पोचेल.

आता लॉनचा वाद, जो प्रत्येक घरात होतो. लॉन घालणं सोपं, सांभाळणं कधी संपत नाही. वाढीच्या दिवसात पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर. 100 चौरस मीटर लॉन असेल तर आठवड्याला 2,500 लिटर, आणि कापणं वेगळं. पसरणारी रोपं लावली तर पहिली दोन वर्षं खुरपं हातातून सुटत नाही पण एकदा जमीन झाकली की काम जवळपास संपतं. मात्र त्यावर पोरं बॉल खेळली की झालं कल्याण. तुडवलेलं सहन करण्यात लॉनच्या जवळपास काही येत नाही हे मान्यच करायला पाहिजे. म्हणून मुलं खेळतात तेवढाच तुकडा लॉन, बाकी नको. मुलं मोठी झाली की तो तुकडाही कमी करता येतो, आमचा वाळूचा खड्डा आता भाज्यांचा वाफा आहे, आणि एकदम केलेल्या बागेत हे असं बदलणं जिवावर येतं कारण सगळं आधीच फिक्स झालेलं असतं.

चालायच्या जागेत काँक्रीट, पेव्हर आणि खडी असे तीन पर्याय. काँक्रीट एकदा ओतलं की विषय संपला, ठरलेली ताकद 28 दिवसात येते, पण खालचं काही काढायचं म्हटलं तर फोडणं आलं आणि पाणी मुरत नाही. खडी स्वस्त, पाणी मुरतं, तुम्ही स्वतः एका रविवारात पसराल, पण ती सगळीकडे उडते, पाला पडला की झाडता येत नाही आणि बाबागाडी किंवा व्हीलचेअर रुतते. पेव्हर मधला. उचकटून परत बसवता येतात, माझ्यासारख्याने दोनदा केलंय. खाली 10 ते 15 सेंटिमीटर दाबलेला थर पाहिजे, गाडी येणार असेल तर आणखी जाड, आणि कडेला पक्की कड, नाहीतर ओळी पसरत जातात. रुंदी निदान 90 सेंटिमीटर ठेवा, दोघांना शेजारी चालायचं तर 1.2 मीटर. टप्प्याने करणाऱ्याने आधी खडी टाकावी, वर्षभर बघावं की घरची माणसं खरंच कुठून चालतात, आणि मग तिथेच पेव्हर घालावेत. ही खडी काही वाया जात नाही, थरात वापरली जाते.

तणाच्या बाबतीत फार घोळ घालायची गरज नाही. काळं कापड अंथरून वर खडी, हे एकदम करणाऱ्यांचं आवडतं. दोनेक वर्षं छान दिसतं. मग वर धूळ, पाला साचतो, वाऱ्याने आलेलं बी तिथेच रुजतं आणि मुळ्या कापडात अशा विणल्या जातात की तण उपटायला गेलं की कापडच वर येतं. पालापाचोळा किंवा लाकडाच्या चिपा 5 ते 8 सेंटिमीटर पसरल्या तर दरवर्षी भर घालावी लागते पण ते कुजून माती सुधारते. ओल्या चिपा मातीत मिसळू नका, वरच ठेवा, मिसळल्या तर त्या कुजताना नायट्रोजन खातात. आणि बुंध्याला टेकवायचं नाही, वीतभर जागा सोडायची.

पाण्याला ठिबक की होज पाइप? झाडं कमी आहेत तोवर होजच बरा, पाणी घालता घालता कुठे कीड लागली, कुठे कळी आली ते कळतं. वाफे वाढले की ठिबक. साधारण 2 किंवा 4 लिटर ताशी सोडणारे ड्रिपर मिळतात, फिल्टर साफ करत राहावं लागतं, आणि झाड वाढलं की ड्रिपर खोडापासून लांब सरकवावे लागतात हे लोक विसरतातच. मुख्य नळी आधी टाकून ठेवली तर फाटे नंतर कधीही काढता येतात. छतावरचं पाणी साठवायचा विचार असेल तर 50 चौरस मीटर छतावर 20 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 लिटर, थोडं इकडे तिकडे जातं ते सोडून. लोक बहुतेक फार लहान टाकी घेतात.

पैशाचं म्हणाल तर मशीन आणि मजूर एकदाच आले तर स्वस्त पडतं, रोपं मात्र हळूहळू जवळपास फुकट होतात. एक गड्डा दोन वर्षांनी फोडून तीन करा, परत दोन वर्षांनी प्रत्येकाचे तीन, सहा वर्षांत एकाचे 27. आमच्या वाटेच्या दोन्ही कडा अशाच भरल्या, विकत आणलेले गड्डे फक्त दोन.

सगळं एकदम कुणी करावं? ज्यांचं अंगण लहान आहे आणि मागे जायला रस्ता फक्त घरातूनच आहे त्यांनी. घराचं बांधकाम चालूच आहे, धूळ तशीही खातायत, त्यांनी. आणि ज्यांना मातीत हात घालायची आवडच नाही त्यांनीही, त्यात लाज कसली. पण अशांनी झाडांतलं अंतर तरी स्वतः मोजून घ्यावं आणि वर्षभरातल्या उन्हाची नोंद कॉन्ट्रॅक्टरच्या हातात द्यावी, महिन्यातून एकदा सकाळ, दुपार, संध्याकाळ एकाच खिडकीतून फोटो काढले तरी पुरे.

अजून ठरत नसेल तर या रविवारी एक काम करा. 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. 2.5 ते 8 सेंटिमीटरच्या आसपास उतरलं तर निवांत राहा, रोपांपासून सुरुवात केली तरी चालेल, फक्त भिंतीजवळचा उतार तेवढा आधी बघून घ्या. 2.5 च्या बरंच खाली असेल तर आधी निचऱ्याचं काम, ते एकदमच करायचं, आणि तोवर नर्सरीच्या रस्त्याने जाऊसुद्धा नका.