फ्रेशआरएसएस आणि त्याला जुळणारी ॲप्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या जुन्या लॅपटॉपवर फ्रेशआरएसएस बसवून आता अर्ध्या वर्षाहून जास्त झालं. सर्व्हरबद्दल म्हणाल तर तक्रारीला फारशी जागा नाही. डोक्याला जो काही ताप झाला तो ॲप्सनी दिला. तोही ॲप्स वाईट आहेत म्हणून नव्हे, तर कुठलं ॲप सर्व्हरशी नेमकं कुठल्या एपीआयमधून, म्हणजे दोन प्रोग्राम्सच्या बोलण्याच्या ठरलेल्या भाषेतून, बोलतं आणि त्यातलं कितीसं बोलतं, हे कोणी धड सांगत नाही म्हणून. ‘फ्रेशआरएसएस सपोर्टेड’ एवढं लिहिलं की काम झालं, असा सगळा मामला. त्यामुळे हा अनुभव सर्व्हरचा कमी आणि जोड्या जुळवण्याचा जास्त आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फीड म्हणजे एखाद्या साइटवर नवं काय आलं याची आपोआप मिळणारी यादी, आणि फ्रेशआरएसएस म्हणजे अशा याद्या एकत्र वाचण्यासाठी स्वतःच्या मशिनवर चालवायचा फीड रीडर. पीएचपीत लिहिलेला, मुक्त स्रोत, एकाच ठिकाणी घरातल्या सगळ्यांची वेगवेगळी खाती चालतात आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर आरामात भागतं. मी त्यात मराठी वर्तमानपत्रं, बीबीसी मराठी, काही यूट्यूब चॅनेल आणि ब्लॉगस्पॉटवरचे जुने मराठी ब्लॉग भरलेत. त्या ब्लॉगवाल्यांपैकी बरेच जण वर्षाकाठी एखादी नोंद टाकतात, पण टाकली की ती सापडते. फीड असण्याचा खरा फायदा तोच.

आता मुख्य गोष्ट. फ्रेशआरएसएसला बाहेरच्या ॲपसाठी दोन दारं आहेत. एक गूगल रीडरच्या एपीआयचं, दुसरं फीव्हरच्या एपीआयचं. गंमत अशी की ही दोन्ही मूळ उत्पादनं केव्हाच बंद पडलीत. गूगल रीडर २००५ साली आला आणि १ जुलै २०१३ला बंद झाला. त्याचा एपीआय गूगलने कधी रीतसर जाहीर केलाच नव्हता. लोकांनी ब्राउझर सर्व्हरला काय विचारतोय ते पाहून पाहून तो उलगडला आणि त्यावर ॲप्स उभी केली. रीडर गेल्यावर ॲप्स उघड्यावर आली, आणि नव्या सर्व्हरवाल्यांनी तीच भाषा शिकून घेतली. आजही माझ्या लॅपटॉपवरून एखादी बातमी फोनकडे जाते तेव्हा तिच्या ओळख क्रमांकाच्या सुरुवातीला ‘टॅग, गूगल डॉट कॉम, २००५’ असं लिहिलेलं असतं. गूगलचा त्या बातमीशी काडीचा संबंध नाही. वाड्याचा मालक गेला, वाडा दोनदा विकला गेला, तरी पत्रं जुन्या मालकाच्या नावानेच येतात, तसलं हे प्रकरण.

फीव्हर हा २००९चा, शॉन इनमन नावाच्या एकट्या प्रोग्रामरने लिहिलेला. ३० डॉलर देऊन आपल्या सर्व्हरवर टाकायचा. २०१६ अखेर त्यानेही दुकान बंद केलं. त्याचा एपीआय लहान आणि साधा, म्हणून ॲपवाल्यांना लिहायला सोपा, म्हणून तो टिकला. पण जेवढा साधा तेवढाच तोकडा. फीव्हरमधून लेख एका वेळी जास्तीत जास्त ५० येतात. ॲपमधून नवं फीड जोडता येत नाही, फीड एका गटातून दुसऱ्यात हलवता येत नाही, लेखांना लेबलं लावता येत नाहीत. वाचलं, नाही वाचलं, जपून ठेवलं, बस्स. शिवाय लॉगिनची किल्ली म्हणजे नाव आणि पासवर्ड जोडून काढलेला एमडी५ नावाचा जुना सांकेतिक ठसा. आजच्या काळात त्याला सुरक्षा म्हणवत नाही. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

त्यामुळे ॲप दोन्ही दारांनी येत असेल तर डोळे मिटून गूगल रीडरवालं निवडा. ॲपच्या खातं जोडण्याच्या पडद्यावर फीव्हर आणि फ्रेशआरएसएस असे दोन वेगळे पर्याय दिसले, तर फ्रेशआरएसएस म्हणजे बहुधा आतून गूगल रीडरच. मी पहिले काही दिवस मुद्दाम एकच ॲप दोन्हीकडून जोडून पाहिलं. फीव्हरमधून आठवड्याभराची थकबाकी उतरवायला चहा करून यावं एवढा वेळ, कारण पन्नास-पन्नासाच्या खेपा. दुसऱ्या दाराने ॲप सर्व्हरला ‘अमुक वेळेनंतरचं फक्त दे, आणि वाचलेलं वगळ’ असं सांगू शकतं, त्यामुळे काम चटकन होतं. सांगू शकतं म्हणजे सांगतंच असं मात्र नाही. काही ॲप्स दरवेळी सगळा ढीग उपसतात, आणि मग बॅटरी का उतरते म्हणून आपण फोनला शिव्या देतो.

जोडणीत अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एपीआय आधी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चालू करावा लागतो, आणि मग प्रत्येकाने आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन एपीआयसाठी निराळा पासवर्ड ठेवायचा. वेबवर लॉगिन होतं तो पासवर्ड ॲपमध्ये चालत नाही. निम्म्या लोकांचं घोडं इथेच अडतं. नावाच्या जागी ईमेल नाही, फ्रेशआरएसएसचं युजरनेम टाकायचं. पत्ता ‘जीरीडर डॉट पीएचपी’ या गूगल रीडरच्या दाराच्या फायलीपर्यंत पूर्ण द्यायचा की अलीकडेच थांबायचं, याबाबत ॲप्सचं एकमत नाही, एक चाललं नाही तर दुसरं. आणि ॲपमध्ये काहीही भरण्याआधी ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे ‘एपीआय’ लावून ते पान उघडा. दोन्ही दारांचे पत्ते तिथेच दिलेले असतात आणि ते पान स्वतःच तपासणी करून पास की नापास सांगतं. तिथे नापास असाल तर ॲप बदलून काडीचा उपयोग नाही.

माझ्याकडे दोन गोष्टी अडल्या होत्या. एक, पत्त्यातली तिरकी रेघ. गूगल रीडरच्या एपीआयमध्ये लेबलाचं नाव, फीडचा पत्ता हे सगळं एन्कोड होऊन, म्हणजे टक्क्याच्या खुणा आणि अक्षर-आकड्यांच्या संकेतात बदलून, पत्त्यातच जातं, आणि अपाचे हा वेब सर्व्हर मुळात एन्कोड केलेली तिरकी रेघ असलेला पत्ता नाकारतो. ‘अलाऊ एन्कोडेड स्लॅशेस’ चालू केलं की सुटतं. दुसरं, ऑथरायझेशनचं हेडर, म्हणजे ॲप आपली लॉगिनची ओळख ज्यात पाठवतं ती ओळ. सर्व्हरच्या पुढे प्रॉक्सी, म्हणजे मधला दुवा, असेल किंवा पीएचपी फास्टसीजीआय नावाच्या पद्धतीने चालत असेल तर ते हेडर मध्येच गळतं. लॉगिन यशस्वी, पण फीडची यादी रिकामी, असं दिसलं की पहिला संशय त्याच्यावर घ्या. काही जण जास्तीची सुरक्षा म्हणून अख्ख्या साइटवर ब्राउझरचा पासवर्ड लावतात. तोही तेच हेडर वापरतो, म्हणजे दोघांची मारामारी. एपीआयचा फोल्डर त्यातून वगळावा लागतो.

बाहेरून घरच्या मशिनला पोहोचणं हा आपल्याकडे आणखी एक वेगळा उद्योग. ब्रॉडबँड कंपनी स्वतंत्र आयपी देत नाही, सगळी आळी एकाच आयपीमागे बसवलेली असते. पोर्ट उघडण्याच्या नादी न लागता मी टेलस्केल टाकलं, म्हणजे आपल्याच उपकरणांना खाजगी नेटवर्कने जोडणारी सेवा. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्रही त्यातूनच मिळालं, आणि ते लागतंच, कारण आयफोनवरची ॲप्स साध्या एचटीटीपीवर सहसा बोलत नाहीत.

मराठीत वापरणाऱ्यांनी एक चाचणी नक्की करावी. ‘शेती’ नावाचं एक लेबल बनवा, एका लेखाला लावा आणि ॲपमध्ये ते कसं दिसतं ते पाहा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात जाताना नऊ अक्षरांचं होतं, म्हणजे ‘शेती’च्या चार चिन्हांची छत्तीस अक्षरं. ॲपने एन्कोडिंग एकदाच केलं तर सगळं सुरळीत. एका ॲपने, नाव घेत नाही, ते दोनदा केलं. टक्क्याच्या खुणेचंही एन्कोडिंग झालं आणि सर्व्हरवर ‘शेती’च्या शेजारी टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ असलेलं नवंच लेबल उगवलं. इंग्रजी लेबल ठेवणाऱ्याला हा दोष जन्मात दिसणार नाही, म्हणून तो दुरुस्तही होत नाही. मी बग नोंदवलाय.

लेबलांचंच आणखी एक. फ्रेशआरएसएसमध्ये फीडचे गट वेगळे आणि लेखांची लेबलं वेगळी. गूगल रीडरच्या भाषेत मात्र दोन्हींना एकच शब्द. सर्व्हर सोबत ‘हा फोल्डर, हा टॅग’ अशी खूण पाठवतो, पण कित्येक ॲप्स ती पाहतच नाहीत. मग डाव्या बाजूला ‘वर्तमानपत्रं’ आणि ‘शेती’ एकाच रांगेत येतात, आणि ‘शेती’ उघडलं की कधी आत काहीच नसतं. लेबलांवर तुमचं फार काम चालत असेल तर ते वेबवरच करा आणि ॲप फक्त वाचायला ठेवा. फ्रेशआरएसएसचं वेब पान फोनवरही बऱ्यापैकी चालतं.

‘सगळं वाचलं’ या बटणाकडे सर्वात जास्त लक्ष द्या असं मी सांगेन. बाबांना टॅबवर एक देखणं ॲप लावून दिलं होतं. चार-पाच दिवसांनी म्हणाले, “अरे, ते शुक्रवारचं सदर आलंच नाही का रे या वेळी?” मी म्हटलं, “आलंय बाबा, तुम्ही वाचलंय असं दाखवतंय.” “मी कुठे वाचलं? दिसलंच नाही तर वाचू कसं?” त्यांचं बरोबर होतं. बटण दाबल्यावर ॲपने सर्व्हरला ‘या वेळेपर्यंतचं वाचलं’ असं सांगायला हवं. एपीआयमध्ये त्यासाठी जागा आहे, फीव्हरमध्येसुद्धा आहे. हे ॲप वेळ पाठवतच नव्हतं. म्हणजे टॅबवर यादी उघडी असताना सर्व्हरवर जे नवं येऊन पडलं होतं, तेही न दिसताच वाचलेल्यात गेलं. नुकसान असं की पत्ताच लागत नाही. ॲप गोठलं, बंद पडलं तर कळतं तरी. बाबांना कॅपी रीडरवर आणलं, तेव्हापासून सदर चुकलेलं नाही.

नावं घ्यायची तर अँड्रॉइडवर माझा कौल कॅपी रीडरलाच. मुक्त स्रोत, फुकट, दिसायला शांत, आणि देवनागरीच्या दोन ओळींमधलं अंतर नीट ठेवता येतं. रीड यू दिसायला त्याहून छान आहे आणि दोन्ही दारांनी येतं. रीडरॉप्सही ठीक. आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर, पुढे विचारच करू नका. तेही फुकट, आणि फ्रेशआरएसएसचं खातं थेट जोडता येतं. विंडोजवर आरएसएस गार्ड, अंगाने भारी आहे पण सगळं करतं. लिनक्सवर न्यूजफ्लॅश. मी स्वतः ऑफिसात न्यूजबोट वापरतो, टर्मिनलमध्ये, काम करतोय असं वाटतं. त्यात तारांकन हा प्रकार मुळात नाही, फ्लॅग आहेत. तेव्हा कुठलं अक्षर म्हणजे तारा हे सेटिंगच्या फायलीत सांगावं लागतं, नाहीतर तिथे खूण केलेलं फोनवर दिसत नाही.

ॲप्सच्या मर्यादांवर एक उतारा असा की जे जे सर्व्हरवर करता येतं ते तिथेच करून टाकायचं. आपली बरीचशी वर्तमानपत्रं फीडमध्ये दोन ओळींचा सारांश देतात. फ्रेशआरएसएसला त्या साइटवरचा मजकुराचा सीएसएस सिलेक्टर, म्हणजे पानात लेख नेमका कुठे आहे ते सांगणारा संकेत, दिला की तो पूर्ण लेख स्वतः आणून ठेवतो, आणि मग कुठल्याही दाराने, कुठल्याही ॲपात पूर्णच लेख जातो. लाईट गेली, राउटर बंद, तरी सकाळी उतरवलेलं वाचता येतं. तसाच फिल्टर. शीर्षकात ‘राशिभविष्य’ आलं की आपोआप वाचलेलं धरायचं, असा नियम घातला आणि यादी निम्मी झाली. ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही ‘शि’ घाला. संपादकांचं त्यावर एकमत नाही.

दुसरे सर्व्हरही थोडे चाळले. मिनिफ्लक्स चपळ आहे, पण डेटाबेस पोस्टग्रेसच लागतो. त्यालाही फीव्हर आणि गूगल रीडर अशी दोन्ही दारं आहेत, शिवाय स्वतःचं तिसरं, त्यामुळे वरचं बहुतेक सगळं त्यालाही लागू. नेक्स्टक्लाउड या स्वतःच्या क्लाउड सेवेतल्या न्यूजचा एपीआय पूर्ण वेगळा, म्हणून त्याची ॲप्सही वेगळी. आधीच नेक्स्टक्लाउड वापरत असाल तरच तिकडे जा. टायनी टायनी आरएसएसचंही स्वतःचंच एपीआय, फीव्हर हवं तर प्लगइन टाकायचं.

सध्या घरात तीन खाती चालू आहेत, बाबांचं कॅपीवर, बायकोचं नेटन्यूजवायरवर, माझं वेब आणि न्यूजबोटवर. पॉडकास्टचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. फीडमधून आवाजाची फाइल येते, ॲपमध्ये वाजतेही, पण कुठवर ऐकलं हे दुसऱ्या मशिनला कळवायची सोय या दोन्ही एपीआयमध्ये नाही. ज्या काळात ते घडले त्या काळात ती कोणी मागितलीच नव्हती. त्यासाठी अँटेनापॉड हे पॉडकास्टचं ॲप वेगळं ठेवलंय.