न्यूयॉर्कला फॅमिली डिफेन्समध्ये इंटर्नशिप: पॉलिसी की कोर्ट?
अगं, दोन्हीकडे बाजू पालकांचीच, एसीएसने (शहराच्या बालकल्याण खात्याने) केस टाकलेल्या आईबापांची, पण दिवस पार वेगळा जातो. कोर्टाकडे क्लायंट समोर असतो, मुलाला भेटायच्या तारखा, ड्रग टेस्टचे कागद, फोनवर रडारड, डोकं घरीही चालूच. पॉलिसीत मेमो, कायदेमंडळापुढे द्यायच्या साक्षीचे मसुदे आणि १९९७ चा तो फेडरल कायदा, २२ पैकी १५ महिने मूल फॉस्टरमध्ये (घरापासून दूर, सरकारी देखरेखीत) राहिलं की पालकत्वच रद्द करायचा अर्ज टाकायचा (अपवाद आहेत, तरी निर्दयीच). आल्बनीचं, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचं, सेशन जानेवारी ते जून, त्यामुळे पॉलिसीला समरपेक्षा स्प्रिंग बरा. पैसे दोन्हीकडे बेताचेच, कॉलेजचं फंडिंग आधी बघ. वकिली करायचीय तर कोर्ट, एमपीपीवाली (पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करणारी) असशील तर पॉलिसी.