ओरहान पामुकचं 'इस्तंबूल' : खानदेशातल्या माणसाने तर वाचाच

पामुक या तुर्की कादंबरीकाराला 2006 ला नोबेल मिळालं तेव्हापासून नाव ऐकून होतो, पण कादंबऱ्यांच्या आधी हे आठवणींचं पुस्तक हातात पडलं ते बरंच झालं. मूळ तुर्की 2003 चं, मी मॉरीन फ्रीलीचं इंग्रजी वाचलं. शब्द सोपे आहेत पण वाक्यं लांबच लांब, झोपताना दोन पानं वाचू म्हणाल तर जमणार नाही.

लेखकाचा जन्म इस्तंबूलमध्येच 1952 चा, म्हणजे उस्मानी सल्तनत जाऊन तीस वर्षं झालेली, राजधानी अंकाराला गेलेली. एकाच बिल्डिंगमध्ये आजी, काका, आत्या सगळे वेगवेगळ्या मजल्यावर, आजोबांनी रेल्वेच्या कामांत कमावलेला पैसा वडील आणि काका धंद्यांत घालवतायत, घरोघरी पियानो आहे आणि वाजवत कोणीच नाही. शहरातून जाणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठचे पाशांचे, म्हणजे उस्मानी सरदारांचे, लाकडी वाडे जळतात तेव्हा लोक बघायला गर्दी करतात, हे त्याने इतकं खरं लिहिलंय की वाचताना थांबावं लागतं.

मला सारखं बुऱ्हाणपूर आठवत होतं. रावेर सोडलं की थोड्या वेळात येतं, खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी, मग मुघलांच्या खानदेश सुभ्याचं ठाणं, 1631 ला मुमताज तिथेच वारली. आपण जातो, किल्ला बघतो, मुमताजची गोष्ट ऐकतो आणि परत येतो. पण त्या पडक्या भिंतींशेजारी लहानाचं मोठं होताना माणसाच्या मनात काय साचत जातं, ते असं कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. पामुक नेमकं तेच लिहितो, आणि गेलेल्या वैभवाची फुशारकी कुठेच मारत नाही.

सगळ्यात आवडलं ते रेशाद एकरेम कोचूचं प्रकरण. हा माणूस एकट्याच्या जिद्दीवर इस्तंबूलचा ज्ञानकोश काढत राहिला, 11 खंड झाले आणि तो 'जी' अक्षरापर्यंतच पोचला. धुळ्याला राजवाडे मंडळ या इतिहास संशोधनाच्या संस्थेत जुन्या कागदपत्रांची दप्तरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हा माणूस लगेच कळेल.

नेर्वाल, गोतिए, फ्लोबेर या फ्रेंच लेखकांवरची पानं मला जड गेली. आरा ग्युलेर या तुर्की छायाचित्रकाराचे काळेपांढरे फोटो मात्र जबरदस्त, पण फोटोखाली ओळी नाहीत आणि पेपरबॅकमध्ये ते बारीक दिसतात, म्हणून परवडत असेल तर मोठ्या आकाराची आवृत्ती घ्या.