परमेथ्रीन ५ टक्के: मलम उत्तम, पण सगळ्या घराने एकाच रात्री लावलं तरच

मी भांडुपला वन रूम किचनमध्ये पाळणाघर चालवते. सात मुलं येतात, सगळ्यात लहान नऊ महिन्यांचं. म्हणून डॉक्टर ‘खरूज’ म्हणाल्या तेव्हा स्वतःच्या खाजेपेक्षा मला त्या सात घरांची काळजी जास्त वाटली. अडीच महिन्यांनी आता आमचं घर मोकळं झालंय. खरजेच्या या मलमाबद्दल आधीच कुणी नीट सांगितलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात लेकीपासून झाली. सातवीत आहे. जूनमध्ये रात्री झोपेत बोटांच्या बेचक्या खाजवायला लागली. आम्हाला वाटलं, पावसाळा आहे, ओले मोजे, घाम. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घातली. मग मी कोपऱ्यावरच्या केमिस्टला विचारलं, त्याने एक मलम दिलं. दोन दिवसांत लाली गेली, आम्ही खूश झालो. आठवड्याने पोटावर, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ उठलं, आणि मलाही खाजायला लागलं. त्या मलमात स्टिरॉइड होतं, हे नंतर कळलं. स्टिरॉइडने लाली दबते, पण खरूज ज्याच्यामुळे होते तो कातडीतला बारीक किडा मरत नाही, उलट डॉक्टरलाही पुरळ ओळखायला अवघड जातं. तपासून न घेता असलं मिक्स मलम लावू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

पुढे एका दवाखान्यात परमेथ्रीन मिळालं, पण फक्त लेकीसाठी. तिला लावलं, ती बरी झाली, आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मलमच बोगस आहे असं तेव्हा मला वाटलं. ते खरं नव्हतं.

शेवटी पालिकेच्या रुग्णालयातल्या त्वचारोग ओपीडीत गेलो. केसपेपर, रांग, अडीच तास. पण आत बसलेल्या तरुण डॉक्टर बाईंनी लेकीचा हात उलटा करून बेचकीवर भिंग धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘घरात अजून कुणाला खाजतं?’ हा प्रश्न तोपर्यंत आम्हाला कुणीच विचारला नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं. मादी किडा मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा, कातडीच्या वरच्या थरात बोगदा करतो, रोज दोन-तीन अंडी घालतो. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधीच माणूस दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. आमच्या ह्यांना एक पुरळ नव्हतं, तरी औषध त्यांनाही लागणार होतं. हे लोकलच्या गर्दीला दोष देत होते. बाई म्हणाल्या, घाईतला स्पर्श सहसा पुरत नाही, एका अंथरुणात झोपणं, मूल कडेवर घेणं, तासन्‌तास अंगाला अंग लागणं, त्याने पसरते. आणि अस्वच्छतेशी याचा संबंध नाही, हे त्यांनी सासूबाईंकडे बघून सांगितलं. त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.

आता मलमाबद्दल. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. ट्यूबा बाहेरून घ्याव्या लागल्या आणि चौघांचा दोन वेळचा खर्च आमच्यासारख्यांना जाणवतो, हे खरं. पण कंजुषी केलीत तर सगळंच फुकट. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, काखेत, जांघेत, नखांखाली, एक बोटभर जागा सोडायची नाही. नखं कापून जुन्या टूथब्रशने लावलं. वास नाही, चिकटपणा कमी, जळजळ फक्त खाजवून फोडलेल्या जागी. रात्री लावून आठ ते चौदा तास ठेवायचं, मग आंघोळ. ह्यांची नाइट शिफ्ट असते म्हणून शनिवारची रात्र ठरवली. खरी गोची पहाटे झाली. सासूबाई पाचला उठून हात धुऊन देवपूजेला बसल्या, बेचक्या कोरड्या. हात धुतले की तिथे पुन्हा लावायचं, हे मला माहीत होतं म्हणून निभावलं. आठव्या दिवशी पुन्हा तीच रात्र.

ह्यांना मलमाच्या जोडीने आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही दिल्या, वजनावरून, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आठवड्याने दुसरा डोस. गोळी अंड्यांवर चालत नाही, म्हणून दुसरा डोस चुकवू नका. गरोदर बाईला आणि १५ किलोच्या आतल्या मुलाला ही गोळी द्यायची नाही.

कपड्यांनी खरा जीव काढला. पावसाळ्यात मुंबईत वाळत काय घालणार? चादरी, गाऊन, मुलांची दुपटी उकळत्या पाण्यात भिजवली, घरभर दोऱ्या बांधल्या. गोधड्या धुणं शक्यच नव्हतं. त्या काळ्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाकल्या. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, तेवढं पुरतं.

पाळणाघर दोन दिवस बंद ठेवलं आणि सातही घरांना मी स्वतः फोन केले. हात थरथरत होता. एक आई चिडली, ‘तुमच्याकडे स्वच्छता नाही का?’ म्हणाली. दुसरीने रडत सांगितलं की तिच्या बाळाच्या तळपायावर दोन आठवडे पुरळ आहे, घरात भीतीने कुणाला बोलली नाही. बाळांना तळवे, डोकं इथेही होते, मोठ्यांसारखी नाही. तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे डोळे-तोंड वगळून बाळाच्या डोक्यालाही परमेथ्रीन लावायला सांगितलं. सहा घरांनी त्याच शनिवारी लावलं. चिडलेल्या आईने पुढच्या शनिवारी लावलं, तोवर तिच्या मुलाला मी येऊ दिलं नाही. पैसे गेले, चालेल.

एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. किडे मेलेले असतात, पण त्यांचे अवशेष कातडीत असतात आणि अंग त्यावर चिडतं. दहाव्या रात्री लेक खाजवत उठली तेव्हा मी तिसऱ्यांदा मलम काढलं होतं. बाईंनी आधी बजावलं होतं म्हणून परत ठेवलं. नवीन पुरळ उठलं, बोगदे दिसले तरच परत यायचं, नाहीतर वाट बघायची. उगाच पुन्हा पुन्हा लावलं तर कातडी कोरडी पडून खाज वाढते.

पाचपैकी मलमाला पाच. त्या ओपीडीला चार, एक गुण रांगेचा कापला. लेकीचे हात आता स्वच्छ आहेत. परवा शाळेत मेंदी काढून आली आणि पहिल्यांदा मुद्दाम दोन्ही तळवे उघडे करून मला दाखवले.