झोपेसाठी इंडिका की विजया? कोल्हापुरात बसून ठरवताना

झोप येत नाही म्हणून इंडिका गांजाचा विचार करणाऱ्याला माझं मत आधीच सांगून टाकतो: कोल्हापुरात राहून या वाटेला जाऊ नये. कायद्याचं कारण तर आहेच. पण ज्या गुणांसाठी तो घ्यावासा वाटतो, ते गुण हातात पडलेल्या पुडीत आहेत की नाहीत हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. राजारामपुरीत औषध दुकान चालवताना हा विषय वरचेवर निघतो. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले रातपाळीचे कामगार विचारतात, स्पर्धा परीक्षेची पोरं विचारतात, कंबरदुखीने बेजार झालेले ट्रकचालकही विचारतात. मोबाईलवर सगळ्यांनी साधारण एकच वर्णन वाचलेलं असतं: रात्री घ्यायचा वाण, अंग सैल पडतं, डोकं शांत होतं, पडल्यापडल्या डोळा लागतो.

त्या वर्णनात खरं किती आहे, ते आधी बघू. विजयेकडे, म्हणजे आयुर्वेदात औषध म्हणून आलेल्या भांगेच्या पानाकडे, नंतर येतो.

इंडिका नावाने जे वाण विकले जातात त्यांचं मूळ हिंदुकुशच्या डोंगराळ पट्ट्यात, म्हणजे अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सरहद्दीकडे आहे. झाड बुटकं, झुपकेदार, पानं रुंद. थंड आणि कोरड्या हवेत उन्हाळा थोडका, म्हणून फुलोरा लवकर येतो आणि फुलावर चिकट राळ दाट धरते. याच राळेपासून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चरस होत आला. १९७०च्या दशकात हे बियाणं अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये पोचलं, तिथे त्याचे संकर झाले आणि हिंदू कुश, अफगाणी, नॉर्दर्न लाइट्स अशी नावं बाजारात रुळली. वापरणारे सांगतात ते असं: हातपाय जड होतात, बोलणं मंदावतं, भूक खवळते, उठावंसं वाटत नाही. उलट सटायव्हा म्हणून विकला जाणारा वाण उंच, अरुंद पानांचा. त्याने डोकं तरतरीत होतं, बडबड वाढते, झोप उडते असं म्हणतात.

झाडाच्या ठेवणीतला हा फरक खरा आहे. परिणामाचं गणित मात्र पानाच्या रुंदीवर चालत नाही. नशा होते ती टीएचसी या रसायनाने. ते शुद्ध स्वरूपात वेगळं करून त्याची रचना १९६४ मध्ये इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी मांडली. मेंदूतल्या ज्या ठिकाणी ते जाऊन बसतं त्यांना सीबी-१ ग्राहक म्हणतात. वेदना, भूक, स्मरण, शरीराचा तोल या सगळ्याशी त्यांचा संबंध येतो. दुसरं मोठं रसायन सीबीडी. त्याची तशी नशा नसते. उरतो तो वास देणाऱ्या तेलांचा वाटा. इंडिकाच्या मातकट, किंचित गोडसर वासामागे बऱ्याचदा मिरसीन असतं, आणि अंग जड होण्याचं श्रेय वाणाचे चाहते त्यालाच देतात. हे मिरसीन आपल्या गवती चहातही असतं, आंब्यातही असतं. उंदरांना ते भरपूर मात्रेत दिलं तर गुंगी येते. फुलात असतं तेवढ्याने माणसाला झोप लागते, असा भक्कम पुरावा नाही.

आणि लेबलचं काय? नेदरलँड्समधल्या नमुन्यांवर झालेलं एक संशोधन २०२१ मध्ये नेचर प्लांट्स या नियतकालिकात छापून आलं. इंडिका आणि सटायव्हा ही लेबलं झाडांच्या एकंदर जनुकीय नात्याशी जुळत नव्हती. जुळत होती ती मिरसीनसारख्या मोजक्या वासाच्या तेलांशी. म्हणजे विकणाऱ्यांनी वासावरून शिक्के मारले होते. जिथे विक्री कायदेशीर आहे, प्रयोगशाळेचा आकडा छापील मिळतो, तिथली ही गत. आपल्याकडे कुठल्यातरी बोळात कुणी पुडी पुढे करून "ओरिजिनल कुश आहे" म्हणाला, तर त्या शब्दाला काडीची किंमत नाही. त्यात टीएचसी पाच टक्के आहे की वीस, फवारणीचं औषध आहे की बुरशी, हे त्यालाही ठाऊक नसतं.

आता मूळ मुद्दा, झोप. थोड्या टीएचसीने डोळा लवकर लागतो, हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे, मी नाकारत नाही. मात्रा वाढली की काहींना नेमकं उलट होतं: छाती धडधडते, नाडी पळते, उगाच भीती वाटू लागते. रोज घेत गेलं की शरीर सरावतं आणि तेवढ्याच झोपेसाठी जास्त लागतं. स्वप्नांची झोप दबते. मग एखाद्या आठवड्यात बंद करून बघितलं की दोन-तीन दिवसांत चिडचिड, घाम, भडक स्वप्नं आणि पहिल्यापेक्षा वाईट निद्रानाश सुरू होतो. इथेच माणूस फसतो. त्याला वाटतं, बघा, याच्याशिवाय मला झोप येतच नाही. प्रत्यक्षात ती बंद केल्याची लक्षणं असतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. झोपेच्या औषधाची पारख करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की सोडताना काय होतं? या प्रश्नावर गांजा नापास होतो, मग वाण कुठलाही असो.

भांगेचा प्रकार आणखी वेगळा. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरतो. पोटात गेलेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढते, कारण ती यकृतातून जाते आणि तिथे टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं. उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. होळीला दवाखान्यात न्यावे लागणारे बहुतेक जण "काहीच होईना" म्हणून दुसरा ग्लास घेतलेले असतात. सकाळी सातच्या पाळीला ज्याला लेथवर उभं राहायचंय, त्याने रात्री अकराला भांग घेणं म्हणजे बोटं पणाला लावणं.

कायद्यातही दोघांत फरक आहे, पण महाराष्ट्रात त्या फरकाचा आधार वाटतो तेवढा मिळत नाही. १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे असं धरतो. शेंड्याविना नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून उत्तरेत काही ठिकाणी भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा पानांनाही लागू होतो, त्यामुळे इथे विनापरवाना भांगही चालत नाही. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत धरली आहे. त्यावर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्प मात्रा म्हणजे माफी, असा गैरसमज पोरांमध्ये फार आहे. आणखी एक: बी आणून गच्चीवर कुंडीत लावण्याचा विचार कुणी करत असेल, तर तिथे अल्प मात्रेची सवलतच नाही. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. सरकारी नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या पोराच्या नावावर असा गुन्हा चढला तर पुढे काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

मग कायदेशीर काय उरतं? इथे विजया येते, आणि तिच्यासाठी थोडं थांबायला हवं.

विजया म्हणजे भांगेचं पान, आयुर्वेदात औषध म्हणून आलेलं. जातिफलादि चूर्णात ती असते, आणि ते चूर्ण मुख्यतः जुलाब, ग्रहणी अशा पोटाच्या तक्रारींवर दिलं जातं. अलीकडे पानांच्या अर्काचं तेल छोट्या बाटलीत, ड्रॉपरसकट, आयुष परवान्यावर विकलं जातं. औषध कायद्याच्या अनुसूची ई-१ मध्ये भांगेचा समावेश विषारी द्रव्यांत आहे, म्हणून पोटात घ्यायच्या अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना छापणं बंधनकारक असतं. बाटली हातात घेतली की मी गिऱ्हाइकाला चार गोष्टी वाचायला लावतो: परवाना क्रमांक, बॅच, एका मिलिलिटरमध्ये टीएचसी किती मिलिग्रॅम आणि सीबीडी किती. शेवटचे दोन आकडे नसतील तर ती बाटली घेऊ नये, जाहिरात कितीही गोड असली तरी. निव्वळ "विजया अर्क अमुक मिलिग्रॅम" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

इंडिकाच्या पुडीपेक्षा विजया मला बरी वाटते ती यामुळे: मात्रा थेंबाथेंबाने ठरवता येते, धूर नाही, मागे वैद्य असतो, आणि त्रास झाला तर काय घेतलं ते सांगता येतं. पण ती निरुपद्रवी नाही. त्यात टीएचसी असतंच, म्हणजे सरावण्याचा आणि सोडतानाचा त्रास इथेही होऊ शकतो. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा फिटवरची क्लोबाझाम चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. विशेषतः सीबीडीमुळे या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, हृदयरोग्यांनी, आणि घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल त्यांनी दूरच राहावं. पंचविशीच्या आतल्या पोरांनाही मी नकोच म्हणतो, कारण त्या वयापर्यंत मेंदूची घडण चालू असते. माझ्या मते विजयेची जागा जुनाट दुखण्याने झोपमोड होणाऱ्या माणसाकडे आहे, तीही वैद्य आणि नेहमीचा डॉक्टर दोघांना माहीत असताना. नुसत्या काळजीने किंवा मोबाईलने उडालेल्या झोपेवर ती नको.

हेम्प सीड तेलावर दोन वाक्यं पुरे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं, तेलात टीएचसी किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत असण्याच्या अटीवर. पोषणाला ते चांगलं आहे, पण झोपेसाठी घ्याल तर पैसे वाया जातील.

अश्वगंधा यापेक्षा उजवी. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा झोपेत थोडा पण खरा फरक दिसला, आणि तो दिवसाला ६०० मिलिग्रॅम अर्क, किमान आठ आठवडे घेणाऱ्यांत जास्त दिसला. म्हणजे आज घेतली आणि आज झोप लागली असं नसतं. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी विचारून घ्यावी, यकृताचा त्रास असेल तर टाळावी, गरोदरपणात नको.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची थंडाई म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप, मगजबी कुंडीत लाकडी दांड्याने तासभर घोटून दुधात उतरवलेली. तिच्यात भांग नसते आणि ती नसावीच. टीएचसी स्पर्धेच्या काळात उत्तेजक चाचणीत बंदी असलेलं द्रव्य आहे. लघवीत मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅमची मर्यादा ठरलेली आहे. ते चरबीत साठतं आणि रोज घेणाऱ्याच्या अंगातून निघायला आठवडे लागतात. मॅटवर उतरणाऱ्याने इंडिका, भांग, विजया तिन्हींना नाही म्हणावं. मेहनत करून, थंडाई पिऊन पडणाऱ्या पैलवानाला झोपेचं औषध क्वचितच लागतं.

या सगळ्यांच्या वर मी ज्याला ठेवतो त्याची बाटली मिळत नाही. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धती, डॉक्टरी भाषेत सीबीटी-आय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीआधी हीच सुचवली. तिचा गाभा साधा आहे पण पाळायला कडक. अंथरुणात जेवढा वेळ खरोखर झोप लागते, सुरुवातीला जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा, मात्र पाच तासांच्या खाली न जाता. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही बदलायची नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत. पहिला आठवडा जड जातो, दिवसा जांभया येतात, गाडी चालवणाऱ्याने त्या दिवसांत जपावं. मग झोप आपोआप घट्ट होत जाते, आणि सोडताना त्रास होईल असं काही अंगात गेलेलंच नसतं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे सहा-आठ भेटींत शिकवतात. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करता येते, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येतं.

रातपाळीवाल्याची अडचण वेगळी, कारण त्याला झोप येते पण वेळ चुकीची असते. त्याने पाळी सुटल्यावर उन्हात चहाच्या गाड्यावर रेंगाळू नये, गॉगल लावून थेट घरी यावं, खिडकीला जाड काळं कापड लावावं, पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा बंद करावा. घरच्यांना सांगून दुपारी दारावरची बेल काढून ठेवावी. घोरणं जोरात असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर आधी स्लीप टेस्ट. असा माणूस गांजा किंवा झोपेची गोळी घेऊन पडला तर मूळ आजार झाकला जातो. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये या आजारावर गांजा वापरू नये असंच सांगितलं.

जो आधीच रोज ओढतोय आणि हे वाचतोय, त्याने घाबरून एका रात्रीत सगळं टाकायची गरज नाही. मात्रा आठवड्याआठवड्याने कमी करत जावी, त्या काळात झोप बिघडणार हे धरून चालावं, आणि त्या बिघाडावर दारूचा उतारा शोधू नये. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक आहे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाला एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं; फक्त सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रातले उपचार पूर्ण करावे लागतात.