समीकरणं एका रेषेत आणताना: अलाइन, स्प्लिट की अलाइन्ड?

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून गणिती मजकूर छापण्याजोगा मांडणाऱ्या प्रणालीत, एकाखाली एक समीकरणं लिहून सगळी बरोबर चिन्हं एका रेषेत आणायला बरेच पर्याय आहेत. त्यातला इक्यूएनअ‍ॅरे आधीच बाद करा. तो लाटेकचा मूळचाच, म्हणून जुन्या फाइलींमध्ये अजून दिसतो. पण बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना तो जादा जागा सोडतो, त्यामुळे शेजारच्या एकओळी समीकरणाशी त्याचा मेळ बसत नाही. ओळ लांबली तर समीकरण थेट क्रमांकावर चढतं. प्रबंधात हे दिसलं की वाईट वाटतं, कारण पर्याय खूप आधीपासून आहे.

तो म्हणजे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं एएमएसमॅथ पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायचा जादा आज्ञांचा संच. त्यातलं काय घ्यायचं हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: या ओळी म्हणजे अनेक विधानं, की एकच लांबलेलं विधान?

प्रत्येक ओळीचा पुढे वेगळा उल्लेख येणार असेल, तर अलाइन घ्या. बरोबर चिन्हाच्या आधी & आणि ओळ संपली की \\, एवढंच लिहायचं. प्रत्येक ओळीला क्रमांक मिळतो. नको तिथे \नोटॅग वापरून तो काढता येतो. शेवटच्या ओळीनंतर मात्र \\ लिहू नका, नाहीतर खाली रिकाम्या ओळीलाही क्रमांक लागतो. मध्येच ‘म्हणून’ किंवा ‘यावरून’ लिहायचं असेल तर \इंटरटेक्स्ट आहे. त्याने वरखालच्या ओळींची रेषा मोडत नाही.

एकाच राशीची पायरीपायरीने उकल करायची असेल, तर इक्वेशनच्या (एकाच क्रमांकित समीकरणाच्या रचनेच्या) आत स्प्लिट बरा. पूर्ण उकलीला एकच क्रमांक पडतो आणि वाचकालाही हे एकच विधान आहे हे कळतं. मात्र स्प्लिटमध्ये एका ओळीत एकच & चालतो. जास्त स्तंभ हवेत, किंवा ओळींच्या गटाला बाजूने महिरपी कंस घालायचा आहे, तर अलाइन्ड. मला तोच अधिक लवचीक वाटतो.

लांब सिद्धतेत मात्र गणित बदलतं. स्प्लिट आणि अलाइन्ड दोन पानांत तुटत नाहीत. अलाइनही आपणहून तुटत नाही, पण \अलाउडिस्प्लेब्रेक्स दिलं की तुटतो. त्यामुळे पानभर चालणाऱ्या उकलीला, विधान एकच असलं तरी, अलाइन घ्यावा आणि एक ओळ सोडून बाकीच्यांचे क्रमांक काढावेत.

सूत्रांचा एकमेकांशी संबंध नसेल तर गॅदर प्रत्येक ओळ मध्यावर आणतो. तिथे बरोबर चिन्हं ओढूनताणून जुळवू नयेत. वाचक त्या रेषेत नातं शोधतो, आणि नातं तर नसतं.